मोटारसायकलीच्या इंजिन कव्हरची दुरुस्ती

मोटारसायकलीच्या इंजिन कव्हरची दुरुस्ती म्हणजे किरकोळ अपघातात किंवा गाडी आडवी पडल्याने इंजिनाच्या बाजूच्या झाकणाला गेलेला तडा, पडलेले भोक किंवा तुटलेला कान सांधून, अथवा ते झाकणच बदलून, इंजिन पुन्हा तेलबंद करण्याची प्रक्रिया होय. कव्हर हा इंजिनाचा तुलनेने स्वस्त भाग आहे. मात्र त्याच्यामागचे वंगण तेल गळून गेले तर क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि गिअर यांचे मोठे नुकसान होते. त्यामुळे या दुरुस्तीत तडा बुजवण्याइतकेच, तो कोठे गेला आहे आणि त्या जागी कव्हर कोणते काम करते, हे ओळखणे महत्त्वाचे असते.

महाराष्ट्रातील पालघर, बोईसर आणि तारापूर या परिसरात कारखान्यांतील पाळ्या, रेल्वे स्थानकापर्यंतचा प्रवास आणि गावोगावचा व्यवहार यांसाठी मोटारसायकल मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. गाडी बंद राहिली की रोजगार बुडतो, म्हणून फुटलेले कव्हर लवकर आणि कमी खर्चात दुरुस्त करण्याकडे कल असतो. घाईने केलेली दुरुस्ती मात्र अनेकदा मूळ अपघातापेक्षा महाग पडते.

## रचना व कार्य

भारतात सर्वाधिक चालणाऱ्या १०० ते १५० सीसी क्षमतेच्या एक-सिलिंडर, चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर हे तिन्ही एकाच तेलावर चालतात. या तेलाचे प्रमाण साधारणपणे १ लिटरच्या आसपास असते. क्रँकशाफ्ट आणि गिअर सामावणाऱ्या मुख्य पेटीला क्रँककेस म्हणतात. गॅरेजच्या बोलीत तिला 'चेंबर' असेही म्हटले जाते. या पेटीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेली झाकणे म्हणजे इंजिन कव्हर होत.

* क्लच कव्हर : बहुतेक गाड्यांत ते उजव्या बाजूस असते. त्याच्या आत क्लच सतत तेलात फिरत असतो. किकचा शाफ्ट याच कव्हरमधून बाहेर येतो. तेल भरण्याचे तोंड, तेलाची पातळी मोजणारी पट्टी किंवा पातळी दाखवणारी काचही याच बाजूस आढळते.
* मॅग्नेट कव्हर : ते डाव्या बाजूस असते. त्याच्या आत विद्युतनिर्मिती करणारे मॅग्नेट फिरते आणि अनेक इंजिनांत तारेची वेटोळी असलेली कॉइल कव्हरलाच आतून बसवलेली असते. काही इंजिनांत हा कप्पा तेलाचा, तर काहींत कोरडा असतो.
* चेन स्प्रॉकेट कव्हर : पुढच्या दातेरी चक्रावरील झाकण. त्यात तेल नसते, त्यामुळे ते फुटले तरी इंजिनाला थेट धोका नसतो. मात्र तुटलेला तुकडा चेनमध्ये अडकल्यास मागचे चाक अचानक थांबू शकते.

ही मांडणी सर्व गाड्यांत सारखी नसते. रॉयल एनफील्डच्या जुन्या बुलेटमध्ये क्लच आणि प्राथमिक चेन डाव्या बाजूस, तर टायमिंगचे गिअर उजव्या बाजूस असतात, आणि प्राथमिक चेनच्या कप्प्याचे तेल वेगळे असते.

इंजिन कव्हर सामान्यतः ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचे असते. वितळलेला धातू मोठ्या दाबाने साच्यात भरून ते ओतले जाते. या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ या मिश्रधातूत सिलिकॉनचे प्रमाण सुमारे १० ते १२ टक्के असते. सिलिकॉनमुळे धातू साच्यात सहज पसरतो व पातळ भिंती ओतता येतात. मात्र असा धातू पत्र्यासारखा वाकत नाही. ठराविक मर्यादेपलीकडे जोर बसला की तो तडकतो. दाबाने ओतल्यामुळे त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडेही अडकलेले असतात. वेल्डिंगच्या वेळी हेच बुडबुडे अडचणीचे ठरतात.

झाकण एवढेच कव्हरचे काम नसते. काही इंजिनांत क्लच कव्हरच्या भिंतीतूनच तेलाची वाहिनी जाते आणि पंपाचे तेल तिच्यामार्फत क्रँकशाफ्टच्या टोकाशी पोहोचते. काही कव्हरांत शाफ्टला आधार देणारी बेअरिंगची बैठक असते. तड्याची गंभीरता ठरवताना हा भेद निर्णायक असतो.

## पालघर–बोईसर परिसर

पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा असून तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे तारापूर औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे रसायने, औषधे, कापड, पोलाद आणि अभियांत्रिकी या क्षेत्रांतील कारखाने आहेत. किनाऱ्याजवळील तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीजनिर्मिती करीत आहे. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत वाढवण्यात आली. पालघर आणि बोईसर ही दोन्ही स्थानके याच मार्गावर आहेत.

मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा या दोन्ही शहरांच्या पूर्वेकडून जातो. महामार्गाशी जोडणारे दोन प्रमुख रस्ते म्हणजे बोईसर–चिल्हार फाटा आणि पालघर–मनोर. त्यांपैकी पालघर–मनोर रस्ता वाघोबा खिंडीच्या वळणांतून जातो. औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रक यांच्याबरोबरीने दुचाकी धावतात. जून ते सप्टेंबर या काळातील जोरदार पावसात खड्डे, वाहून आलेली खडी आणि रस्त्यावर सांडलेले तेल यांमुळे कमी वेगातही गाडी घसरते.

सातपाटी, केळवे, चिंचणी आणि तारापूर ही गावे समुद्रालगत असल्याने तेथील हवेत मिठाचा अंश असतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये पोलादी बोल्ट असतात. खारट ओलाव्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतात. असा बोल्ट जोराने फिरवल्यास त्याचे डोके तुटते किंवा आटे निघून येतात. त्यामुळे किनारपट्टीवरील गाड्यांत कव्हर उतरवणे हेच दुरुस्तीतील पहिले जोखमीचे काम ठरते.

## नुकसानाची कारणे व प्रकार

गाडी उजव्या बाजूस पडल्यास क्लच कव्हरवर थेट रस्त्याचा आघात होतोच असे नाही. पुष्कळदा आधी पायाचा ब्रेक आत वाकतो आणि त्याचे टोक कव्हरमध्ये घुसते. डाव्या बाजूस हेच गिअरच्या दांडीमुळे घडते. पाय ठेवण्याची दांडी मागे ढकलली गेल्यानेही कव्हर फुटू शकते. स्थानकाबाहेर दाटीने लावलेल्या गाड्यांपैकी एक पडून शेजारची गाडी तिच्यावर आदळल्यानेही असे नुकसान होते.

नुकसानाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* घासणे : केवळ पृष्ठभाग खरवडला जातो. जाडी फारशी कमी झाली नसेल तर दुरुस्तीची गरज नसते.
* केसासारखा तडा : डोळ्यांना सहज न दिसणारा तडा. इंजिन थंड असताना तो कोरडा दिसतो. तापल्यावर तेल पातळ होऊन झिरपू लागते.
* भोक : ब्रेकच्या किंवा गिअरच्या दांडीचे टोक आत शिरल्याने पडते. त्यातून तेल काही मिनिटांत निघून जाऊ शकते.
* तुटलेला कान : बोल्ट ज्या उंचवट्यातून जातो तो तुटतो. त्या जागी कव्हर नीट दाबले न गेल्याने सांध्यातून गळती होते.
* वाकलेला शाफ्ट : किकचा किंवा गिअरचा शाफ्ट वाकल्यास ऑइल सीलचे तोंड एका बाजूला ओढले जाते. कव्हर धड असूनही तेल गळते. शाफ्ट तपासला नाही तर नवे कव्हर आणि नवे सील बसवूनही गळती परत येते.

## अपघातानंतरची तातडीची काळजी

जखमी व्यक्तीची सोय ही पहिली बाब होय. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. गाडीच्या बाबतीत प्रथम इंजिन बंद करून ती रस्त्याच्या कडेला सपाट जागी उभी केली जाते व खाली तेलाचा डाग पडतो का ते पाहिले जाते. डाग दिसल्यास किंवा कव्हरला भोक पडल्याचे दिसल्यास इंजिन पुन्हा सुरू करणे टाळावे लागते. तेलाचा दाब नसलेल्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाचा थर नाहीसा होतो, धातू धातूवर घासतो आणि पिस्टन जाम होतो. धावत्या गाडीत असे घडल्यास मागचे चाक अडकून चालक पुन्हा पडू शकतो. शिवाय कव्हरमधून गळणारे तेल मागच्या टायरवर उडाले तर रस्त्यावरची पकड सुटते.

पेट्रोलच्या टाकीतून होणाऱ्या बारीक गळतीवर तात्पुरता साबण घासण्याची रीत वाहनचालकांत प्रचलित आहे. गरम इंजिन तेलासमोर मात्र साबण टिकत नाही. अशी गाडी गॅरेजपर्यंत टेंपोतून नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. अंतर थोडे असेल तर ती न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने ढकलत नेता येते. दुसऱ्या दुचाकीवर बसून पायाने ढकलत नेण्याची पद्धत रहदारीच्या रस्त्यावर धोकादायक असते.

रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती किंवा वाळू टाकल्यास मागून येणाऱ्या दुचाकी घसरण्याचा धोका कमी होतो.

## तपासणी

कव्हर उतरवण्यापूर्वी बाहेरून सर्व धूळ व तेल धुऊन काढले जाते, कारण तेल वाऱ्याने पसरल्यामुळे गळतीचे मूळ ठिकाण आणि डागाचे ठिकाण वेगळे असू शकते. स्वच्छ व कोरड्या पृष्ठभागावर टाल्कम पावडर भुरभुरवून इंजिन थोडा वेळ सुरू ठेवल्यास जेथे प्रथम पावडर ओली होते, ते गळतीचे मूळ असते. ही कसोटी तेलाची पातळी पुरेशी असतानाच केली जाते.

उतरवलेल्या कव्हरमधील सूक्ष्म तडा शोधण्यासाठी खडूची कसोटी वापरतात. कव्हरच्या बाहेरील बाजूस खडूच्या भुकटीचा पातळ लेप देऊन तो वाळवला जातो आणि आतून रॉकेल किंवा डिझेल लावले जाते. तडा असल्यास काही मिनिटांत पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटते. कारखान्यांमध्ये याच तत्त्वावर लाल रंगाचा भेदक द्रव आणि पांढरा विकासक द्रव वापरला जातो.

कव्हरच्या आतील बाजूचे तुटलेले सर्व तुकडे जुळवून पाहणे आवश्यक असते. एखादा तुकडा कमी असेल तर तो इंजिनाच्या तळाशी किंवा तेलाच्या जाळीत असण्याची शक्यता असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नसल्याने तो चुंबकाने काढता येत नाही. तेल काढून, जाळी उघडून आणि आतला भाग धुऊनच शोधावा लागतो.

## सांधावे की बदलावे

कव्हर सांधायचे की बदलायचे, हे तड्याच्या लांबीपेक्षा त्याच्या जागेवर अवलंबून असते.

केवळ झाकणाचे काम करणाऱ्या सपाट भिंतीवरील तडा किंवा लहान भोक सांधण्यायोग्य असते. तडा तेलवाहिनी, बेअरिंगची बैठक किंवा ऑइल सीलची गोल बैठक यांतून गेला असेल तर कव्हर बदलणे श्रेयस्कर मानले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने अशा बैठकीचे माप बदलते आणि ते लेथवर पुन्हा साधणे नव्या कव्हरपेक्षा महाग पडू शकते. तेलवाहिनीच्या आत वेल्डिंगचा थेंब उतरून ती अरुंद झाल्यास बाहेरून काहीच दिसत नाही. परिणाम मात्र क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर होतो.

कोरड्या मॅग्नेट कव्हरला गेलेल्या तड्यातून तेल जात नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. पावसाळ्यात त्यातून पाणी, तर किनाऱ्यावर खारट ओलावा आत शिरून कॉइल आणि जोडण्या गंजतात. त्यामुळे असा तडाही बुजवणे आवश्यक असते.

प्रचलित गाड्यांची नवी कव्हरे सहज मिळतात. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांच्या बाबतीत जुने कव्हर सांधणे किंवा भंगारात निघालेल्या गाडीचे कव्हर वापरणे हेच पर्याय उरतात. जुने कव्हर घेताना त्याची गॅस्केटची कड सपाट आहे का आणि पूर्वी ते सांधलेले आहे का, हे पाहिले जाते. नकली कव्हरांत बोल्टची भोके व पिनांच्या जागा किंचित सरकलेल्या असू शकतात. म्हणून ते गॅस्केटशिवाय आधी बसवून पाहणे उपयुक्त ठरते.

## दुरुस्तीच्या पद्धती

### धातुपुट्टी

दोन घटक एकत्र मळून लावायची इपॉक्सी पुट्टी (उदा. एम-सील) किंवा धातूची भुकटी मिसळलेले इपॉक्सी हा सर्वांत सोपा उपाय आहे. बारीक तडा आणि लहान भोक यांवर तो तात्पुरता, व नीट केल्यास बराच काळ, टिकतो. इंजिन तेलाचे तापमान सामान्य वापरात सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे पुट्टी तेवढ्या तापमानाला टिकणारी असावी लागते. पृष्ठभाग खरवडून खडबडीत करणे, थिनरने पुसून तेलाचा अंश पूर्ण काढणे आणि पुट्टी पक्की होण्यास २४ तास देणे या तीन बाबींवर यश अवलंबून असते. तेलाने माखलेल्या, चालू गाडीवर बाहेरून थापलेली पुट्टी लवकरच सुटते. पुट्टी शक्यतो कव्हर उतरवून, आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून लावली जाते, म्हणजे ती रिव्हेटसारखी अडकून बसते.

### आर्गन वेल्डिंग

ॲल्युमिनियमचे कव्हर कायमचे सांधण्यासाठी टंगस्टन विजाग्र आणि आर्गन वायू वापरणारी वेल्डिंगची पद्धत प्रचलित आहे; कारागिरांत ती 'आर्गन वेल्डिंग' या नावाने ओळखली जाते. रसायन व औषध कारखान्यांतील स्टेनलेस स्टीलच्या नळ्या याच पद्धतीने जोडल्या जातात. त्यामुळे तारापूरसारख्या औद्योगिक क्षेत्रांत या कामाची ओळख असते. मात्र दोन्ही कामांत एक मूलभूत फरक आहे. स्टेनलेस स्टीलसाठी एकदिश (डीसी) प्रवाह वापरतात, तर ॲल्युमिनियमसाठी प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह लागतो.

याचे कारण ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडच्या थरात आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि कव्हरचा मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला. परंतु त्यावरील ऑक्साइडचा पातळ थर २,००० अंशांपलीकडे वितळतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या अर्ध्या आवर्तनात हा थर फुटतो आणि उरलेल्या अर्ध्यात धातू वितळतो. केवळ डीसी यंत्र असलेल्या ठिकाणी कव्हर नेल्यास धातू गोळा होऊन खाली गळतो, पण सांधा जुळत नाही. म्हणून काम देण्यापूर्वी यंत्र एसी-डीसी आहे का आणि त्या कारागिराने ओतीव ॲल्युमिनियमचे काम केले आहे का, याची चौकशी केली जाते.

कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

# कव्हरमधील कॉइल, ऑइल सील, बेअरिंग, काच व रबरी भाग काढले जातात.
# कव्हर डिझेलने आणि नंतर थिनरने धुतले जाते. कॉस्टिक सोडा वापरणे टाळतात, कारण तो ॲल्युमिनियम खातो आणि त्या क्रियेतून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.
# धातूच्या छिद्रांत मुरलेले तेल बाहेर काढण्यासाठी कव्हर हलके तापवून पुन्हा पुसले जाते. तेल येणे थांबेपर्यंत ही क्रिया करतात. सांध्यात काळे ठिपके पडण्याचे मुख्य कारण हे राहिलेले तेल असते.
# तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिमीचे भोक पाडले जाते.
# तड्याच्या कडा घासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केली जाते आणि स्टेनलेस स्टीलच्या, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या ब्रशने ती साफ करतात.
# कव्हर जाड सपाट पत्र्यावर किंवा जुन्या क्रँककेसवर बोल्टने आवळले जाते, म्हणजे उष्णतेने ते वाकत नाही.
# कव्हर १०० ते १५० अंशांपर्यंत सारखे तापवून ४०४३ (सुमारे ५ टक्के सिलिकॉन) किंवा ४०४७ (सुमारे १२ टक्के सिलिकॉन) या सळईने लहान लहान टप्प्यांत सांधा भरला जातो.
# सांधलेले कव्हर पाण्यात न बुडवता कोरड्या वाळूत सावकाश थंड केले जाते. एकदम थंड केल्यास सांध्याच्या शेजारी नवा तडा जाऊ शकतो.

भोक मोठे असल्यास त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ठिगळ कापून चारही कडांनी सांधले जाते. सांध्याचा आतला उंचवटा क्लच किंवा मॅग्नेट यांना लागणार नाही इतका घासावा लागतो.

### कान आणि आटे

तुटलेला कान वेल्डिंगने भरून त्यात पुन्हा भोक पाडता येते. क्रँककेसमधील आटे गेले असतील, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत 'आटा मेला' असेल, तर भोक मोठे करून त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. त्याला हेलिकॉइल म्हणतात. यामुळे मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो. जाड बोल्ट जबरदस्तीने बसवल्यास क्रँककेसचा कान फाटण्याची भीती असते, आणि क्रँककेस बदलणे हे संपूर्ण इंजिन खोलण्याचे काम आहे.

## कव्हर उतरवणे व बसवणे

तेल काढल्यानंतर बोल्ट एकाच बाजूने न सोडवता समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले जातात. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवल्यास ते परत बसवताना चूक होत नाही. लांब बोल्ट आखूड जागी गेल्यास तो तळाला टेकून कान तोडतो. आखूड बोल्ट लांब जागी गेल्यास मोजकेच आटे पकडून ते उखडतो. जाम झालेल्या बोल्टला गंज सोडवणारे तेल लावून काही तास थांबणे आणि हलके ठोकणे हे जोर लावण्यापेक्षा परिणामकारक असते.

कव्हर निघत नसल्यास सांध्यात पेचकस घालून उचकटणे टाळतात, कारण त्याने गॅस्केटची कड खरवडते. प्लॅस्टिकच्या हातोडीने कडेने ठोकल्यास ते सुटते. मॅग्नेट कव्हर चुंबकाच्या ओढीमुळे घट्ट धरलेले असते. बसवताना ते अचानक आत खेचले जाऊन बोटे चिमटण्याचा धोका असतो. किकच्या शाफ्टवरील वॉशर पुष्कळदा कव्हरला आतून चिकटून बाहेर येतो आणि हरवतो.

बसवण्यापूर्वी कव्हरची कड सपाट काचेवर पालथी ठेवून तपासतात. थोडा वाक असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर कव्हर गोलाकार घासले जाते. जुने गॅस्केट, म्हणजेच 'पॅकिंग', पूर्ण खरवडून नवे लावले जाते. लिक्विड गॅस्केट वापरल्यास त्याचा थर पातळ ठेवतात. जास्तीचा थर आतल्या बाजूस निघून त्याचे तुकडे तेलाची जाळी बुजवू शकतात.

दोन्ही मार्गदर्शक पिना जागेवर आहेत याची खात्री करून बोल्ट प्रथम हाताने आणि नंतर समोरासमोरच्या क्रमाने आवळले जातात. ६ मिमी व्यासाच्या बोल्टसाठी (ज्याला ८ चा पाना लागतो) साधारणपणे १० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम-मीटर, इतका पीळ पुरेसा असतो. नेमका आकडा गाडीच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतून घेतला जातो.

भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानंतरच्या इंधन-अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांत क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा संवेदक सामान्यतः मॅग्नेटजवळ असतो. कव्हर बसवताना त्याची तार चिमटली किंवा त्याचे अंतर बदलले तर इंजिन सुरूच होत नाही.

## चाचणी

निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे तेल भरून इंजिन सुमारे ५ मिनिटे मंद गतीवर चालवले जाते. नंतर ते बंद करून थोडा वेळ थांबल्यावर पातळी पुन्हा तपासतात. तेलात भिजणारा क्लच असलेल्या गाड्यांसाठी जासो एमए दर्जाचे तेल वापरले जाते. मोटारगाडीचे तेल घातल्यास क्लच घसरू शकतो. क्लच केबलचा सैलपणा, किक परत येणे आणि सर्व गिअर पडणे हेही तपासले जाते. ब्रेकची दांडी सरळ केली नसेल तर ती पुढच्या वेळी ब्रेक दाबताच नव्या कव्हरवर टेकते. म्हणून ती आधी सरळ करून तिचा सैलपणा जुळवला जातो.

पहिल्या २० ते ३० किलोमीटरनंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवून डाग पडतो का ते पाहिले जाते. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने तापणे आणि थंड होणे अशा काही आवर्तनांनंतरच सांध्याची खरी परीक्षा होते. गळती दिसल्यास बोल्ट अधिक आवळण्याऐवजी कव्हर पुन्हा उतरवून कारण शोधणे योग्य ठरते.

## विमा

केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विम्यात कव्हरसारख्या धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा वजा होतो : पहिल्या ६ महिन्यांत तो शून्य असतो, १ ते २ वर्षांच्या गाडीला १० टक्के, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला २५ टक्के आणि ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. दावा केल्यास पुढील वर्षीची विनादावा सवलत जाते. ही सवलत पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते. त्यामुळे फक्त कव्हरच फुटले असल्यास स्वखर्चाने दुरुस्ती करणे अनेकदा किफायतशीर असते.

भारतातील मोटार विम्याच्या प्रमाणित अटींनुसार, अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालवल्यास वाढलेले नुकसान संपूर्णपणे विमाधारकाच्या जोखमीवर असते. त्यामुळे कव्हर फुटल्यावर तशीच गाडी चालवून इंजिन जाम झाल्यास, कव्हरची भरपाई मिळाली तरी इंजिनाची नाकारली जाऊ शकते. पडलेल्या जागी काढलेली छायाचित्रे आणि गाडी वाहून नेल्याची पावती यांचा दाव्यात उपयोग होतो.

## वापरलेले तेल

धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ नुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित असते. गटारात ओतलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर नाले, शेते आणि खाड्यांपर्यंत पोहोचते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होते. अशा परिसरात गॅरेजमधील तेल बंद डब्यात साठवून देण्याला विशेष महत्त्व आहे. चेनला किंवा लाकडाला जुने तेल लावण्याची सवय सर्वत्र आढळते, परंतु त्यात धातूचे कण आणि जळलेले घटक असल्याने ते त्वचेला अपायकारक असते.

## प्रतिबंध

इंजिनासमोर बसवलेला मजबूत क्रॅश गार्ड गाडी आडवी पडल्यावर कव्हर आणि रस्ता यांच्यात अंतर राखतो. तो चौकटीला घट्ट बसवलेला असावा लागतो; केवळ शोभेचा पातळ नळीचा गार्ड वाकून स्वतःच कव्हरवर आदळू शकतो. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे बोल्ट बसवताना आट्यांना जाम-प्रतिबंधक ग्रीस अल्प प्रमाणात लावले जाते. पावसाळ्यात गाडी गोड्या पाण्याने धुऊन पुसल्यास खारटपणा साचत नाही. तेलाची पातळी दर आठवड्यास पाहण्याची सवय असल्यास केसासारखा तडाही इंजिनाचे नुकसान होण्याआधी लक्षात येतो.

## हे सुद्धा पहा

* मोटारसायकल
* अंतर्ज्वलन इंजिन
* ॲल्युमिनियम
* वेल्डिंग
* बोईसर
* पालघर जिल्हा